कुलूपबंद घरे आणि राजगृहाचा धडा

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपे उघडतात. कुणी पुण्याहून येतो, कुणी बंगळुरूहून, कुणी थेट दुबईहून. अंगणातले गवत काढले जाते, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या तसबिरी पुसल्या जातात, गच्चीवर नवा पंचशील ध्वज लागतो. दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर दोन दिवस नातेवाईक, चहापाणी, सावजीचे जेवण. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. मग पुढच्या वर्षीपर्यंत त्या घराचे काय होते, हे शेजाऱ्याला आणि वाळवीलाच ठाऊक.

आम्ही या वस्त्यांत चळवळीच्या कामासाठी वर्षानुवर्षे फिरतो. बंद दारांची संख्या वाढताना आम्ही पाहिली आहे. घरटॅक्सची पावती अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येते. शेजारची भिंत हातभर आत सरकलेली असते. 'जरा लक्ष ठेव' म्हणून ज्याला किल्ली दिली, त्याच्याशी कोणताही लेखी करार नसतो. चार भाऊ चार शहरांत, आणि बहिणींचे नाव तर कुठेच नाही. हा प्रत्येकाचा घरगुती मामला आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे काही मित्र आम्हाला विचारतात. संबंध आहे, आणि तो इतिहासातला आहे. तोच आज मांडायचा आहे.

घर नव्हते, तेव्हाची गोष्ट

गावात आपली वस्ती कुठे होती, हे नव्याने सांगायला नको. गावकुसाबाहेर, वाऱ्याची दिशा बघून ठरवून दिलेली. नागपूर प्रांतात गावठाणाच्या जागेवर मालगुजाराची मालकी चाले. त्याची मर्जी फिरली की झोपडे मोडायला वेळ लागत नसे. मालगुजारी कायद्याने गेली ती १९५१ साली, म्हणजे संविधान लागू झाल्यानंतर. त्याआधी आपल्या बापजाद्यांनी गाव सोडून नागपूरची वाट धरली, ती केवळ पोटासाठी नव्हती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मिलमध्येही जात होतीच, पण महिन्याला रोख पगार होता, आणि पगारातून वाचवलेल्या पैशाला जात विचारता येत नव्हती. त्या पैशातून कुणी नागपुरात मातीची भिंत उभी केली, पुढे तिच्या विटा झाल्या, मग स्लॅब पडला. एकेका घराला दोन-दोन पिढ्या लागल्या. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. मिल गेली, पण तिच्या पगारातून उभी राहिलेली घरे उरली. आज ज्या दाराला तुम्ही कुलूप लावून जाता, ते दार असे मिळालेले आहे.

आणि पैसा, शिक्षण असूनही छप्पर न मिळणे म्हणजे काय, ते बाबासाहेबांइतके कुणी भोगले? १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाला. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी सराईत राहावे लागले. काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. मित्रांनीही सबबी सांगितल्या. त्या संध्याकाळी बाबासाहेब एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पदव्या होत्या, पद होते, पगार होता. स्वतःचे छप्पर नव्हते.

राजगृह : मालक दिल्लीत, घर मुंबईत

त्यानंतर पंधराएक वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. नाव बिंबिसाराच्या मगधाच्या राजधानीवरून. हे घर माणसांइतकेच पुस्तकांसाठी बांधले होते. तिथेच आणखी एक इमारत होती, 'चार मिनार'. ती १९४१ साली त्यांनी विकली, कारण पुस्तकांचा आणि कर्जाचा बोजा होता. हे मुद्दाम सांगतो. वडिलोपार्जित घर विकणे म्हणजे समाजद्रोह, असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनीही इमारत विकली. पण हिशेब करून, स्वतः ठरवून, गरजेसाठी विकली. दुर्लक्षामुळे हातची गेली नाही.

राजगृहातच २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्यांचा मुक्काम दिल्लीला हलला. तिथून १९५६ पर्यंत, म्हणजे तब्बल चौदा वर्षे, राजगृहाचा मालक मुख्यतः दिल्लीत राहिला. आजच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेब हेही 'बाहेरगावी राहणारे घरमालक' होते. मग राजगृह टिकले कसे? ते कुलूप लावून ठेवलेले नव्हते. भैयासाहेब यशवंतराव आणि कुटुंब तिथे राहत होते. कार्यकर्त्यांचा राबता होता. घराला उपयोग होता आणि घरात माणसे होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले, आणि ते कुठे नेले? राजगृहात. ७ डिसेंबरला तिथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली. चौदा वर्षे दूर राहिलेल्या मालकाला त्याचे घर शेवटच्या दिवशी मिळाले, कारण ते त्याच्या नावावर होते आणि त्यात दिवा लावणारे कुणीतरी होते.

२६, अलीपूर रोड : अंगणात भिजलेले कागद

आता दुसरे घर बघा. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब दिल्लीत २६, अलीपूर रोड या बंगल्यात राहायला गेले. बंगला सिरोहीच्या महाराजांचा होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम इथे पूर्ण झाले, आणि शेवटचा श्वासही इथेच घेतला. पण घर आपले नव्हते. बाबासाहेबांनंतर माईसाहेब तिथे राहत होत्या. मालकी बदलली. जानेवारी १९६७ मध्ये माईसाहेब दिल्लीबाहेर, अलवरला गेल्या असताना नव्या मालकाची माणसे आत शिरली. बाबासाहेबांचे कागद, हस्तलिखिते उचलून अंगणात टाकली गेली. त्या रात्री पाऊस पडला.

मित्रांनो, या वाक्यावर क्षणभर थांबा. या देशाचे संविधान ज्या हातांनी लिहिले, त्या हातांचे कागद पावसात भिजले, कारण घर दुसऱ्याचे होते आणि त्या दिवशी घरात आपले कुणी नव्हते. किती लिखाण गेले, याचा हिशेब आता कुणीही देऊ शकत नाही.

जे वाचले, त्यात नागपूरचा मोठा वाटा आहे. बाबासाहेबांचे शेवटच्या काळातले सचिव नानकचंद रत्तू यांनी जिवापाड जपलेल्या वस्तू पुढे वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या. गोडबोले म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या तयारीत राबलेला नागपूरचा माणूस. नागपूरजवळच्या चिंचोलीच्या शांतिवनात आज बाबासाहेबांचा टाइपरायटर आणि कपडे आहेत, ते या दोघांमुळे. आणि वाचलेले कागद पुढे महाराष्ट्र सरकारच्या समितीकडे आले, तेव्हा ते एकेक करून जुळवून छापण्याचे काम वसंत मून यांनी केले. १९७९ पासून निघालेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आपण अभिमानाने कपाटात ठेवतो. ते खंड संपादित करणारा माणूस नागपूरच्या महारपुऱ्यात वाढला होता. आपल्या त्या वस्तीची गोष्ट त्यांनी 'वस्ती' या आत्मकथनात सांगितली आहे. दिल्लीच्या अंगणात जे टाकून दिले गेले, त्यातले उरलेसुरले नागपूरच्या एका वस्तीतल्या मुलाने उचलून जगापुढे ठेवले.

अलीपूर रोडची ती जागा परत मिळवायला किती काळ गेला? सरकारने ताब्यात घेऊन राष्ट्रीय स्मारक उभे केले आणि त्याचे उद्घाटन झाले १३ एप्रिल २०१८ रोजी. महापरिनिर्वाणानंतर ६१ वर्षांनी. आज तिथे संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराची भव्य इमारत आहे. बाबासाहेब राहत होते तो बंगला मात्र नाही.

लंडन : विकत घेतले म्हणजे संपले नाही

तिसरे घर लंडनचे. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे भाडेकरू म्हणून राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मालक मुंबईत, घर सातासमुद्रापार. आपल्याला वाटले, काम झाले. पण घराची नोंद राहण्याचे घर अशी होती आणि वापर संग्रहालयाचा सुरू झाला होता. शेजारच्या काहींनी गर्दीबद्दल तक्रार केली. तिथल्या स्थानिक कौन्सिलने २०१८ साली परवानगी नाकारली. अपील झाले, २०१९ मध्ये रीतसर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली, तेव्हा कुठे घर वाचले.

लक्षात घ्या, इथे पैसा कमी पडला नव्हता आणि मालकीवरही कुणाचा वाद नव्हता. अडले ते त्या गावच्या नियमाच्या एका कागदावर. सरकारजवळ वकील होते, उच्चायुक्तालय होते, म्हणून निभावले. नागपूरच्या गल्लीतले तुमचे घर एका कागदावर अडले, तर तुमच्या बाजूने कोण उभे राहणार आहे?

आपल्या डोळ्यांदेखत

ही तीन घरे जुन्या काळातली म्हणून सोडून देऊ नका. २५ जून २०१६ रोजी दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. वेळ निवडली होती पहाटेची, लोक झोपेत असताना. ज्या बुद्धभूषण छापखान्यातून चळवळीचा शब्द बाहेर पडला, तोही त्यात गेला. आपल्या नागपुरात अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली पडले, कोरोनाने लोकांना घरात कोंडले असताना. पुढे २०२३ मध्ये आपल्या आयाबहिणी तिथे महिनोन्महिने धरण्यावर बसल्या. ७ जुलै २०२० रोजी राजगृहावर दगड आले, तेही टाळेबंदीत. पण राजगृहात माणसे राहत होती. तोडफोड झाली, कुंड्या फुटल्या, काचा फुटल्या, पण त्याच क्षणी कळले आणि त्याच रात्री सगळ्या महाराष्ट्राला कळले.

आणि १ जुलै २०२४ आठवा. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम सुरू होते. स्तूपाला धोका होईल, ही शंका नागपूरच्या लोकांना रोज डोळ्यांनी खड्डा बघूनच आली. हजारो लोक जमले आणि सरकारला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली. दीक्षाभूमी हे आपल्या सगळ्यांचे घर आहे. त्या घराचे लाखो वारस वर्षातून एकदा येतात. उरलेले ३६४ दिवस ते घर राखतात, ते इथे राहणारे लोक. दूर राहणारा मालक आणि जवळ राहणारा राखणदार, यांच्यात विश्वास आणि संपर्क असला की घर टिकते. दीक्षाभूमीने हे दाखवून दिले.

म्हणून आमचे म्हणणे असे. दूर जाणे हा गुन्हा नाही. शिकून दूर जा, हेच तर आपल्याला सांगितले गेले होते. पण जाताना मागची व्यवस्था लावून जाणे हीही आपल्याच परंपरेची शिकवण आहे. घर टिकते तीन गोष्टींवर : कागद, माणूस आणि वापर.

कागद. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद करून घ्या. आखीव पत्रिका, सुधार प्रन्यासचे आर.एल. पत्र, झोपडपट्टीचा मालकी पट्टा, तुमच्या घराला यांपैकी जे लागू असेल ते कुठे आहे, हे आजच शोधा. घरटॅक्सची पावती हा मालकी हक्काचा दस्त नव्हे; पण टॅक्स थकला तर महानगरपालिका घरावर जप्ती आणू शकते. आणि हे पाठ करून ठेवा : कुणी उघडपणे, तुमचा हक्क नाकारून, सलग बारा वर्षे तुमच्या जागेवर कब्जा ठेवला आणि तुम्ही काहीच केले नाही, तर मुदतीच्या कायद्याने तुमचा हक्कच संपू शकतो. बारा वर्षे म्हणजे बारा धम्मचक्र प्रवर्तन दिन. 'पुढच्या वर्षी बघू' असे बारा वेळा म्हणायला कितीसा वेळ लागतो?

कागदाच्याच बाबतीत एक कडू गोष्ट. 'सगळे सोपे व्हावे' म्हणून बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात. राखीसारखी पद्धत आपण सोडली, पण ही पद्धत आपल्या घरातून अजून गेली नाही. वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस म्हणून उभे करणारा १९५६ चा वारसा कायदा कुणाच्या झगड्यातून आला? हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे ज्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा देताना ठणकावून सांगितले, त्यांच्या तसबिरीखाली बसून आपण बहिणीचे नाव खोडतो. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण तिला न विचारता, गृहीत धरून घेतलेली सही ही मनुस्मृतीच आहे, फक्त ती स्टॅम्पपेपरवर छापलेली आहे. शिवाय अनेकदा नागपुरातच राहणारी बहीण हीच त्या घराची सर्वांत चांगली राखणदार असते.

माणूस. किल्ली ज्याच्या हाती देता, त्याच्याशी नाते असू द्या, पण लिहूनही ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ओळखीतला माणूस म्हणून कागद टाळणे हा विश्वास नव्हे, तो आळस आहे. उद्या वाद झाला तर दोन्ही घरे आपल्याच समाजातली असतात आणि कोर्टात दोघांचेही वाटोळे होते.

वापर. आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून आपली मुले-मुली शिकायला नागपुरात येतात. वसतिगृहात सर्वांना जागा मिळत नाही. खोली शोधायला जातात, तेव्हा चांगल्या वस्तीतला घरमालक आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग 'गाव कोणते, काय खाता?' मग खोली 'आत्ताच दिली' असे उत्तर येते. बडोद्याची ती सराई १९१७ मध्ये संपली असे समजू नका. आता काठ्या नाहीत, एवढाच फरक.

एकीकडे आपले पोर दारोदार फिरते, आणि दुसरीकडे त्याच शहरात आपलीच घरे कुलूप लावून वाळवीला दिलेली आहेत. या विसंगतीला काय म्हणावे? आमचा प्रस्ताव साधा आहे. दूर राहणाऱ्यांनी आपले घर रीतसर करार करून, परवडेल अशा भाड्याने, आपल्या विद्यार्थ्यांना द्यावे. विशेषतः मुलींना. एखादी मोठी खोली असेल तर वस्तीतल्या विहाराच्या मदतीने तिथे अभ्यासिका चालवावी. घर झाडले जाईल, नळ चालू राहील, भिंतीला ओल आली तर त्याच दिवशी फोन येईल. दया म्हणून नव्हे, दोघांच्याही हिताचा व्यवहार म्हणून हे करा. राजगृहही पुस्तकांसाठीच बांधले होते.

हे सगळे करूनही तुम्हाला घर विकावेसे वाटले, तर जरूर विका. घरातल्या सर्वांना, बहिणींनाही, विचारून विका. पण वाळवी, शेजाऱ्याची भिंत आणि भावाभावांतला अबोला या तिघांना आपल्या आजोबांच्या घामाचा सौदा करू देऊ नका.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला याल, तेव्हा परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढा. एक दिवस नगर भूमापन आणि महानगरपालिकेच्या कार्यालयासाठी ठेवा, एक दिवस बहीण-भावांना एकत्र बसवण्यासाठी. आणि जाताना किल्ली खिशात टाकून नेऊ नका. ती या शहरात शिकायला आलेल्या कुणाच्या तरी हातात, कागदावर सही घेऊन, ठेवून जा.

जय भीम! नमो बुद्धाय!